ओव्हेर्न्यचे ज्वालामुखी, वयाच्या क्रमाने

सह्याद्रीत फिरणाऱ्याला बेसॉल्टचं काय कौतुक? कळसूबाई घ्या, हरिश्चंद्रगड घ्या, साल्हेर घ्या. आपण लाव्हाच्या थरांवरूनच चढत असतो. पण तो लाव्हा ज्या तोंडातून बाहेर आला ते तोंड काही दिसत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून वाहिला आणि थरावर थर चढत गेला. फ्रान्सच्या मध्यावरच्या ओव्हेर्न्यमध्ये मात्र विवरं, शंकू, घुमट, वाहून थिजलेला लाव्हा, सगळं अजून जागच्या जागी आहे. म्हणून इथले डोंगर उंचीच्या नव्हे, वयाच्या क्रमाने करायचे ठरवले: सगळ्यात तरुण ज्वालामुखी आधी, मग मागे मागे जायचं. त्या क्रमात आजवर जे झालं त्याची ही नोंद.

आधी नकाशाचं. फ्रान्सच्या सरकारी भूमापन संस्थेचे, आयजीएनचे, १:२५,००० चे छापील नकाशे घ्याच. प्वींच्या (इथे ज्वालामुखी डोंगराला ‘प्वी’ म्हणतात) रांगेसाठी २५३१ ईटी, साँसी या डोंगरभागासाठी २४३२ ईटी. समोच्चरेषा इतक्या सुरेख आहेत की विवर घरबसल्या ओळखता येतं. वाटांवर लांब पल्ल्याच्या मार्गांना पांढरा-लाल पट्टा आणि छोट्या फेऱ्यांना पिवळा पट्टा असतो; फुली दिसली की ती वाट आपली नाही. गावकऱ्यांना विचारत, बाण शोधत जायची सवय असलेल्यांना सुरुवातीला हे फारच सोपं वाटेल. ढग उतरले की त्याच पट्ट्यांची किंमत कळते.

पावँ सरोवर (सुमारे ७,००० वर्षं)

बेस गावाच्या वर, जवळजवळ वर्तुळाकार. वर येणारा लाव्हा भूजलाला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली आणि स्फोटाने खड्डा पडला. शंकू उभा राहिलाच नाही. त्या खड्ड्यात हे पाणी साठलं. खोली ९० मीटरच्या वर. तळाकडचं पाणी वरच्या पाण्यात कधी मिसळत नाही, त्यामुळे सुमारे ६० मीटरच्या खाली प्राणवायू नाही. काठाकाठाने झाडीतून फेरी तासाभरात होते. चाल म्हणून काहीच नाही, पण क्रमाची सुरुवात इथूनच करा, कारण पुढच्या सगळ्या डोंगरांवर मनात एकच प्रश्न असतो: इथे पाणी होतं की नव्हतं, लाव्हा पातळ होता की घट्ट?

लासोलास आणि वाश (सुमारे ८,६०० वर्षं)

आतापर्यंतच्या फिरण्यातला सगळ्यात आवडता दिवस या जोडगोळीचा. दोन्ही शंकूंची एकेक बाजू गायब आहे. ती पावसापाण्याने झिजलेली नाही. विवरात चढलेल्या लाव्हाने भिंत फोडली आणि तिचे तुकडे अंगावर घेऊन तो खाली निघून गेला. फुटलेल्या बाजूने आत शिरलं की तिन्ही बाजूंनी लाल-काळ्या राखखड्यांचा उतार अंगावर येतो. भट्टीतल्या विटेसारखा लाल. लोहाचं ऑक्सिडीकरण झालं तिथे लाल, नाही झालं तिथे काळा. पायाखाली शुद्ध घसारा, म्हणूनच आखलेल्या वाटेवर लाकडी पायऱ्या बसवल्या आहेत. तिच्याबाहेर पाय टाकू नये. एका पावलाने सरकलेला उतार परत वर येत नाही.

खरी मजा पुढे आहे. तो लाव्हा गेला कुठे, हे पायी बघता येतं. अशा खडबडीत लाव्हाप्रवाहाला इथले लोक ‘शेर’ म्हणतात. वर पाईनचं दाट रान, दगडांवर हातभर शेवाळ, आणि जमीन इतकी वेडीवाकडी की नांगर कधी चालला नसावा. प्रवाहाने व्हेर नदीची दरी अडवली आणि मागे एदा सरोवर तयार झालं. सकाळी विवरात आणि दुपारी त्याच लाव्हाने अडवलेल्या पाण्याकाठी, असा दिवस आखा. कारण आणि परिणाम एका दिवसाच्या चालीत पायाखाली येतात, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

प्वी द दोम, पारिऊ, सारकुई (सुमारे १०,००० वर्षांच्या आसपास)

प्वींच्या रांगेत ८० च्या आसपास ज्वालामुखी आहेत, उत्तर-दक्षिण ओळीत. ही रांग आणि शेजारचा लिमान्य प्रस्तरभंग (जमीन तुटून सरकल्याची रेषा) २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हे ज्वालामुखी आहेत हे मात्र फार उशिरा ध्यानात आलं. १७५१ मध्ये गेतार या निसर्गशास्त्रज्ञाने या भागातले काळे दगड बघितले, व्होल्विक गावच्या खाणीपर्यंत त्यांचा माग काढला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत सांगितलं की हे विझलेले ज्वालामुखी आहेत. जवळच्या क्लेरमाँ-फेराँ शहराचं काळं कॅथेड्रल त्याच व्होल्विकच्या दगडाचं आहे. डोंगरावर जाण्याआधी त्याच्या भिंतीला हात लावून बघा, दगडाची बारीक भोकं बोटांना लागतात.

प्वी द दोम १,४६५ मीटर. सेसा खिंडीतून खेचरांची जुनी वाट वर जाते. आपल्या चालीने तासाभराच्या आत. दातेरी रुळाची रेल्वे २०१२ पासून आहे, पण चढ इतका सोपा आहे की ती सोबतच्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवावी. माथ्यावर मर्क्युरी देवाच्या रोमन मंदिराचे अवशेष आहेत, दुसऱ्या शतकातले. आणि इथेच १९ सप्टेंबर १६४८ ला शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन चढला. खालच्या क्लेरमाँपेक्षा माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटरने खाली उतरला, आणि हवेला वजन असतं, उंचीवर तिचा दाब कमी होतो, याचा पुरावा मिळाला. पास्कालचा जन्म क्लेरमाँचाच. आज मनगटावरच्या घड्याळात दाबावरून उंची बघणाऱ्या प्रत्येक ट्रेकरने ही वाट एकदा तरी चालावी असं मला मनापासून वाटतं.

माथ्यावरून उत्तरेकडे बघत निवांत बसा. प्वी द दोमला विवर नाही. त्याचा लाव्हा, ट्रॅकाइट, इतका घट्ट होता की वाहिलाच नाही. जागेवर साचून घुमट झाला. जवळच पारिऊ: रेखीव शंकू, वर गोल विवर, ९० मीटरच्या आसपास खोल, आणि नीट बघितलं तर एका जुन्या विवराच्या पोटात दुसरं. त्याच्यामागे सारकुई, परत घुमट. एकाच ओळीत, भूशास्त्राच्या हिशेबात जवळजवळ एकाच वेळी, आणि रूपं इतकी वेगळी. आता खालच्या रस्त्यावरूनही झाडीने झाकलेला डोंगर घुमट की शंकू हे बहुतेक वेळा ओळखता येतं. या छंदातली प्रगती म्हणायची तर हीच.

पारिऊला लाकडी जिन्याने चढून कडेकडेने प्रदक्षिणा घाला. शनिवार-रविवारी गर्दी असते. सकाळी लवकर गाठा.

साँसी (सुमारे १० लाख ते अडीच लाख वर्षं)

इथून चित्र बदलतं. प्वी द साँसी १,८८५ मीटर, फ्रान्सच्या मध्य पर्वतरांगेतलं सर्वोच्च टोक. आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास २४० मीटर उंच. हा एक शंकू नव्हे, मोठ्या ज्वालामुखी समूहाचा अवशेष आहे, आणि त्यावर हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या आहेत. विवर शोधायला गेलात तर सापडणार नाही. माँ-दोर गावाच्या वरून व्हाल द कूरच्या दरीतून चढलो. वर कडेने धार लागते, शेवटी लाकडी पायऱ्या आणि गर्दी, कारण रोपवे शिखराच्या थोडा खाली येतो. धार मात्र एकटी आणि देखणी. खाली दोर आणि दोन्य हे दोन ओहोळ एकत्र येऊन दोर्दोन्य नदी सुरू होते.

वेळ असेल तर पूर्वेकडची शोदफूर दरी चुकवू नका. लाव्हाच्या डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, इथे नुसत्या सुळक्यांच्या रूपात उरल्या आहेत. भोवतालचा मऊ खडक झिजला, भिंत उभी राहिली. धुळे-नंदुरबारकडे डाइकच्या लांब भिंती पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल. दरीत लोहयुक्त, बुडबुडे येणारा झराही आहे. माथ्यावर गडासारखं पाण्याचं टाकं नसतं आणि ओढे गुरांच्या कुरणांतून येतात, तेव्हा पाणी खालूनच भरून घ्या. कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे लावा. वासरं असलेल्या कळपाला लांबून वळसा घाला.

वनस्पतींची एक नोंद. कुरणांत पिवळ्या फुलांचं उंच जेंशियन दिसतं, त्याच्या मुळांपासून कडू पेय बनवतात. फूल यायला सुमारे १० वर्षं लागतात. त्याच्यासारखंच दिसणारं विषारी व्हेराट्रम शेजारीच उगवतं. जेंशियनची पानं समोरासमोर, व्हेराट्रमची एकाआड एक. हातही लावायचा नसला तरी ओळखायला शिकावं.

गेरी खिंडीजवळचे ट्युइलिएर आणि सानाद्वार हे कातळ याहून जुने, सुमारे २० लाख वर्षांचे, फोनोलाइट या ज्वालामुखी खडकाचे. इथले खडकाचे खांब सगळे सरळ उभे नाहीत, काही पंख्यासारखे पसरले आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब ताठ उभे, हे वळलेले. थंड होणारा पृष्ठभाग जसा असेल त्याला काटकोनात खांब तयार होतात, हे इथे डोळ्यांनी शिकता येतं.

कांताल (सुमारे १.३ कोटी वर्षांपासून)

नुकतीच सुरुवात केली आहे. पा द पेरोल ही खिंड, १,५८९ मीटर, हिवाळ्यात बंद असते; उघडल्यावर तिथून प्वी मारी (१,७८३ मीटर) केलं. चढ छोटा, बराचसा बांधीव पायऱ्यांचा. पण माथ्यावरून चहूकडे दऱ्या फाकलेल्या दिसतात तेव्हा कळतं की आपण एका प्रचंड, झिजलेल्या ज्वालामुखीच्या मध्याजवळ उभे आहोत. त्याचा व्यास ६० किलोमीटरहून जास्त होता. सपाट माथ्यांच्या सोंडा, कडेला कातळाचे थर, खाली गवताचे उतार: इथे पहिल्यांदा डोंगर सह्याद्रीसारखा वाटला. ज्वालामुखीचं रूप गेलं, थर उरले. उतारांवर गुराख्यांची दगडी ब्युरों घरं आहेत, उन्हाळ्यात तिथे चीज बनवायचे.

पुढचा बेत प्वी ग्रिऊचा, १,६९० मीटर. क्लेरमाँ ते ओरियाक मार्गावर लिओराँ स्टेशन आहे, त्यामुळे गाडीशिवाय जमतं. शेवटचा टप्पा फोनोलाइटच्या सुट्या धोंड्यांचा, हात वापरावे लागणारा. दगड कोरडे असतानाच करणार. तिथून प्लोम द्यु कांतालकडची (१,८५५ मीटर) धार नकाशावर आखून ठेवली आहे. ती झाली की थरांची चित्रं काढून नाणेघाटच्या कड्याशेजारी मांडणार, आणि राखेचे थर कुठले, लाव्हाचे कुठले, ते एकेक करून तपासणार.