रोममध्ये जिने उतरताना : सान क्लेमेंते, सान कालिस्तो आणि सांता कोस्तांझा

कोलोसियमपासून पाच-सात मिनिटं चाललं की सान क्लेमेंते हे चर्च लागतं. बाहेरून अगदी साधं आहे, पाटी वाचली नाही तर पुढे निघून जाल. रोममध्ये तुमच्याकडे एकच मोकळी सकाळ असेल तर ती इथे घालवा, असं मी मनापासून सांगतो. ग्रीक-रोमन देवांच्या शहरात ख्रिस्ती धर्म कसा रुजला हे इथे जिने उतरता उतरता कळतं.

वरचं चर्च बाराव्या शतकातलं. वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी मोझाइक आहे. त्यातल्या क्रूसावर बारा पांढरी कबुतरं बसली आहेत आणि क्रूसाच्या पायथ्यापासून निघालेल्या वेली सगळीकडे पसरल्या आहेत. इथे फिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट लागतं ते खाली उतरायला, ते ऑनलाइन आधीच काढून ठेवा.

पहिला जिना उतरलात की चौथ्या शतकातल्या चर्चमध्ये पोहोचता. वरची इमारत बांधताना हे चर्च भराव घालून बुजवलं होतं, नंतर लोक ते विसरूनच गेले. १८५७ मध्ये फादर जोसेफ मुलूली या डॉमिनिकन पंथाच्या आयरिश धर्मगुरूंनी खणायला सुरुवात केली, तेव्हा ते पुन्हा उजेडात आलं. इथलं एक भित्तिचित्र शोधाच. सिसिन्नियस नावाचा रोमन सरदार संत क्लेमेंटला, म्हणजे ज्यांच्या नावाचं हे चर्च त्या रोमच्या सुरुवातीच्या बिशपला, पकडून न्यायची आज्ञा देतो, पण त्याची माणसं भ्रमात पडून दगडी खांबच दोरीने ओढत बसतात. चिडलेल्या सिसिन्नियसच्या तोंडची शिवी चित्रातच लिहिली आहे, आणि तीही लॅटिनमध्ये नाही, त्या काळच्या बोलीत. अकराव्या शतकाच्या अखेरचं हे लिखाण इटालियन भाषेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी मानतात. चर्चच्या भिंतीवर रस्त्यावरची बोली! मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आणखी एक जिना उतरलं की हवा ओलसर होते आणि वाहत्या पाण्याचा आवाज येऊ लागतो. ही रोमन काळाची पातळी. दोन इमारतींमधली गल्ली इतकी चिंचोळी की दोन्ही हात पसरता येत नाहीत. एका इमारतीत मिथ्रास देवाचं मंदिर आहे : बसकं, गुहेसारखं छत, दोन्ही बाजूंना दगडी बाक आणि मधे वेदी. वेदीवर मिथ्रास बैलाला मारताना कोरला आहे. आत सोडत नाहीत, जाळीतून बघायचं.

माझ्याबरोबर आई होती, वय अडुसष्ट. देवाचं नाव ऐकून ती हळूच म्हणाली, "म्हणजे ॐ मित्राय नमः मधला मित्रच ना रे?" सूर्यनमस्काराचा पहिलाच मंत्र! नाव खरोखर त्याच मुळाचं आहे. वैदिक मित्र आणि इराणी मिथ्र ही एकाच घरातली भावंडं, आणि रोमन लोकांनी नाव इराणी परंपरेतून घेतलं. विधी मात्र त्यांनी आपले घडवले. सैनिकांमध्ये ही उपासना फार पसरली होती. याच बाकांवर बसून लोक मिथ्रासच्या नावाने जेवायचे, आणि चौथ्या शतकात शेजारच्या इमारतीवर ख्रिस्ती चर्च उभं राहिलं.

इथून परतताना रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनची कमान बघा. ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्व्हियन पुलावरची लढाई त्याने जिंकली, त्या विजयासाठी ३१५ मध्ये ती उभारली. वरच्या लेखात विजय 'दैवी प्रेरणेने' मिळाल्याचं लिहिलंय, कुठल्या देवाच्या ते लिहिलेलं नाही. पूर्वेच्या बाजूला रथात बसलेला सूर्यदेव आहे, क्रूस कुठेही नाही. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक मिळाली होती, तरी बादशहाच्या कमानीवर जुनेच देव राहिले. कोलोसियमला मात्र 'ख्रिस्ती हुतात्म्यांची जागा' म्हणून जाऊ नका. तिथे ख्रिस्ती लोकांना मारल्याचा त्या काळचा भक्कम पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिया आप्पिया या जुन्या रोमन रस्त्यावरच्या सान कालिस्तो कॅटाकॉम्बला, म्हणजे जमिनीखालच्या दफनभूमीला, गेलो. बुधवारी ते बंद असतं, हे आम्हाला दारात पोहोचल्यावर कळलं आणि गुरुवारी पुन्हा यावं लागलं. आत फक्त गाइडबरोबर सोडतात आणि फोटो काढू देत नाहीत. उन्हाळ्यातही खाली गार असतं, एक शाल जवळ ठेवा. लोक इथे लपून राहायचे असं आपण ऐकलेलं असतं, पण ही दफनभूमी आहे. शहराच्या हद्दीत पुरायला रोमन कायद्याची बंदी होती, म्हणून सगळ्या कबरी वेशीबाहेरच्या रस्त्यांलगत. टफ नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडात बोळ कोरलेत आणि दोन्ही भिंतींत फडताळासारखे खण. कितीतरी खण हातभर लांबीचे होते. ती मुलांची जागा. आई तिथून पुढे काही बोलली नाही.

तिसऱ्या शतकातल्या पोपांच्या, म्हणजे रोमच्या बिशपांच्या, कबरींवरची नावं ग्रीक लिपीत आहेत. रोमच्या बिशपचं नाव रोममध्येच ग्रीकमध्ये का? कारण त्या वेळी इथल्या ख्रिस्ती मंडळींची भाषा बरीचशी ग्रीकच होती. ख्रिस्ती लोकांची माशाची खूणही तिथूनच आली : मासा म्हणजे ग्रीकमध्ये 'इख्थुस', आणि त्याची अक्षरं म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणहार' या शब्दांची आद्याक्षरं.

वेळ उरला तर मेट्रोने नोमेंताना रस्त्यावर सांता कोस्तांझाला जा. कॉन्स्टंटाइनच्या मुलीसाठी बांधलेली ही गोल वास्तू. छतावर द्राक्षांची तोड चालली आहे, बैलगाड्यांतून घोस येताहेत, मुलं पायांनी रस काढताहेत. हे मद्यदेव बाखसच्या जत्रेचं चित्र आहे की ख्रिस्ती धर्मात प्रतीक म्हणून येणाऱ्या द्राक्षवेलीचं, ते बघणाऱ्याने ठरवावं. मला दोन्ही वाटलं. पँथिऑन हे जुनं रोमन मंदिर तुम्ही बघालच. सातव्या शतकात त्याचं चर्च झालं, म्हणूनच ते इतकं शाबूत राहिलं.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. बरीच चर्च दुपारी बंद होतात, म्हणून सकाळी निघा. युरोची सुटी नाणी ठेवा, काही ठिकाणी नाणं टाकल्यावरच दिवा लागतो. रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली पुरते. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर जिन्यांचा विचार आधी करा, पायऱ्या ओल्या असतात. आईने एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला होता.

आणि तिकिटं काढायच्या आधी जमलं तर कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये एक चक्कर मारा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला कांस्याचा छोटा पोसायडन तिथे आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी मिळालेला.