झेरॉक्सची भीती आणि ग्रुपवरची एक्सेल

सेमिस्टर सुरू झालं की स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, पुस्तकातला एक चॅप्टर स्कॅन करून पोरांना पाठवला तर कॉपीराइटचं काही लफडं नाही ना होणार? नाही हो. दिल्ली युनिव्हर्सिटीची केस आठवा, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर आणि युनिव्हर्सिटीवर दावा ठोकला होता, का तर सिलॅबसमधल्या चॅप्टर्सचे झेरॉक्स गठ्ठे करून तिथे विकायचे. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी सूट आहे, आणि अपिलात दोन न्यायाधीशांच्या डिव्हिजन बेंचने तर म्हटलं की शिकवणं म्हणजे नुसतं वर्गातलं लेक्चर नाही आणि किती पानं याला ठरलेले टक्केही नाहीत, शिकवायला खरंच लागतं तेवढं घ्या. २०१७ ला प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

म्हणून आख्खं पुस्तक यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकायचं असं नाही, ते वर्गापुरतं राहत नाही ना मग. मूडल किंवा गूगल क्लासरूमसारख्या कोर्सच्या साइटवर लॉगिनच्या आत ठेवा. लायब्ररीने पैसे भरून घेतलेल्या जर्नलचा पेपर असेल तर पीडीएफ नको, लिंक द्या, तिथे लायसन्सच्या अटी वेगळ्या असतात.

पण गंमत बघा, झेरॉक्सला एवढे घाबरणारे हेच लोक इंटर्नलच्या मार्कांची एक्सेल सरळ क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. नाव, पीआरएन (युनिव्हर्सिटीचा नोंदणी नंबर), मोबाईल नंबर, कॅटेगरी, सगळं. हजेरी कमी असलेल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये तर एकदा 'मेडिकल' कॉलमखाली आजाराचं नाव पण पाहिलं मी, दोनशे पोरांसमोर! ते कुणालाच खटकत नाही.

डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना अजून मुदत आहे म्हणून सगळे निवांत. त्यात अठराच्या आतलं पोर म्हणजे मूल, आणि आपल्या एफवायच्या वर्गात सतरा वर्षांचे कितीतरी असतात, झूमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचे चेहरे, नावं, घरातले आवाज सगळं येतं आणि आपण ते चॅनलवर चढवून मोकळे.

मी सध्या एवढंच करते, रेकॉर्डिंग फक्त माझ्या स्क्रीनचं, प्रश्नोत्तरं सुरू झाली की बंद, आणि मार्क ज्याचे त्याला मेलवर. मेल मर्ज, म्हणजे एक्सेलमधून प्रत्येकाला त्याचा वेगळा मेल एकदम पाठवणं, अर्ध्या तासात शिकता येतं, ज्यांना हवंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, स्टेप्स टाकते.