तुम्ही विचारलंत म्हणून: अजून डिझेलच का?

मिनिआपोलिसमध्ये मंडळाचा कार्यक्रम संपला की सगळे पार्किंगमध्ये येतात. मी गाडी सुरू करते आणि त्या आवाजाने कुणीतरी मागे वळून बघतंच. मग तोच प्रश्न. "अजून डिझेल? इथे? इतकं सगळं झाल्यावर?" इतकी वर्षं मी ॲव्हरेज सांगून वेळ मारून नेली. हायवेवर गॅलनला ४६ मैल, म्हणजे लिटरला साडेएकोणीस किलोमीटर. २००३ची पाच गिअरची सेडान, १.९ लिटरचं इंजिन, ३ लाख ४ हजार मैल झालेत. आकडे खरे आहेत, पण ते उत्तर नव्हे. "इतकं सगळं" म्हणताना तुमच्या मनात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बोटं असतात, ते मला कळतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

अण्णा एसटीच्या मिरज डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या शर्टाचा वास, शाळेला सोडायला आलेल्या सायकलचा वास, सगळा डिझेलचा. आपल्याकडे डिझेल म्हणजे रोजची कामाची वस्तू. इथे ते ट्रकवाल्यांचं. पंपावर माझ्या हातात हिरवी नळी दिसली की अजूनही कुणीतरी काळजीने सांगतं, "बाई, ते डिझेल आहे." स्वस्तही नाही. फेडरल कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४.

अमेरिकेतल्या लोकांना डिझेल कार भरवशाची वाटत नाही, याचा मला राग येतो. पण ती समज उगाच आलेली नाही. १९७८ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन आणलं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबण्याचं प्रमाण, पेट्रोलच्या अडीचपटीहून जास्त, साडेबावीसास एक, आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आवळणाऱ्या बोल्टची मांडणी मात्र पेट्रोल इंजिनाचीच ठेवलेली. बोल्ट ताणले, झाकणाखालचं गॅस्केट गेलं. डिझेलमधलं पाणी वेगळं काढायची सोय नव्हती, म्हणून इंजिनातले इंधनाचे पंप गंजले. तेलटंचाईच्या त्या दिवसांत डिझेल गाड्यांचा खप चांगला वाढला होता, १९८५पर्यंत सगळं आटोपलं. त्याच काळातल्या मर्सिडीजच्या पाच सिलिंडरच्या ३००डी आजही रस्त्यावर दिसतात, पण एका इंजिनाने दिलेला चटका लोकांनी इंधनाच्या नावावर मांडला. हे मी प्रत्येकाला सांगायचे. अण्णांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, "हेडबोल्ट बारीक ठिवल्यावर दुसरं काय हुनार?"

आता ती रात्र.

५ जानेवारी २०१४, रविवार. अण्णा सहा महिन्यांसाठी आले होते, वय ७१. डॅलसला माझ्या बहिणीकडे नाताळ काढून आम्ही दोघंच परत येत होतो. आय-३५ सरळ उत्तरेला. ओक्लाहोमात नॉर्मनला मी टाकी भरली. तिथे थंडी होती, पण सोसण्यासारखी. मग कॅन्सस, मिझूरी, पुढे आयोवा. मी कुठेही डिझेल भरलं नाही. एका टाकीत सहाशे मैल जाते हे मला अण्णांना दाखवायचं होतं. हे वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडी वाढली की ते साखळतं, हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल घट्ट होतं तसं. म्हणून उत्तरेकडच्या पंपांवर हिवाळ्यात पातळ जातीचं डिझेल मिसळून देतात. दक्षिणेकडचं तेल दक्षिणेकडच्या थंडीपुरतं असतं. मी वाटेत एकदा जरी टाकी भरली असती तरी निभावलं असतं. टाकीत ओतायचं औषधही असतं, पण ते गोठण्याआधी. त्याची पांढरी बाटली मिनिआपोलिसला गॅरेजच्या फळीवर होती.

दे मॉइन सोडल्यावर गाडी ओढेना. पाचवा गिअर, चौथा, तिसरा. एम्सच्या अलीकडे शोल्डरवर घेतली आणि ती बंद पडली. बाहेर उणे २५ सेल्सिअसच्या आसपास, वर वारा. तो पोलर व्होर्टेक्सचाच, म्हणजे ध्रुवावरची गार हवा खाली उतरल्याचा आठवडा. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या शाळा बंद ठेवल्या होत्या. मी टो ट्रकला फोन लावला. दीड ते दोन तास, म्हणाले. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद.

मी फोनवर असतानाच अण्णा उतरले होते. बॉनेट वर. मी काचेतून ओरडले, "अण्णा, आत या!" त्यांनी हात हलवला. बॅटरीच्या उजेडात त्यांनी फिल्टर बरोबर शोधला. हातमोज्याने क्लिप धरता येईना, म्हणून मोजे काढून खिशात घातले. फिल्टर उलटा केला तर आतून पांढरट लगदा आला आणि त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरून खाली ओघळला. पाणी असतं तर बर्फ झालं असतं. डिझेल उणे २५लाही बोटांवर ओलं राहतं, आणि तितकंच थंड राहतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. चाळीस वर्षं डिझेलमध्ये हात घातलेल्या माणसाला मिरजेत हे कळणार कुठून?

आत आले आणि म्हणाले, "ह्यात इंजिनाची चूक न्हाई, पोरी. तेल गोठलंय." बोटं मेणबत्तीसारखी पांढरी दिसत होती. दुखत नाही म्हणाले. ते दुखत नव्हतं हेच वाईट होतं. मी त्यांचा हात माझ्या काखेत धरून बसले, टो ट्रक येईपर्यंत.

बोटं वाचली. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना आजही काही लागत नाही. शर्टाचं बटण ते डाव्या हाताने लावतात.

त्यानंतर मी गाडी विकायला हवी होती. विकली नाही, आणि कारण म्हणून मी लोकांना अण्णांचं वाक्य ऐकवत राहिले. इंजिनाची चूक नाही. खरंच नाही. पण ते वाक्य त्यांनी मला सावरायला म्हटलं होतं, मला वाद जिंकता यावा म्हणून नव्हे.

आणि दुसरं "सगळं". २०१२ साली मी एका मैत्रिणीला डिझेल घ्यायला लावलं. २००६पासून इथल्या डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत १५ भागांवर आणलंय, आता डिझेल स्वच्छ झालंय, असं तिला मीच सांगितलं. १८ सप्टेंबर २०१५ला ईपीएने, म्हणजे इथल्या पर्यावरण संरक्षण खात्याने, जाहीर केलं की फोक्सवॅगनच्या २००९ ते २०१५च्या सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्यांमध्ये चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, आणि रस्त्यावर त्या नायट्रोजन ऑक्साइड, श्वासाला त्रास देणारा वायू, मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी रस्त्यावर गाड्या चालवून मोजलं, तेव्हा कुठे ते धागे सापडले. मैत्रिणीने गाडी परत केली, पैसे मिळाले. तिच्या मुलाला दमा आहे. ती मला कधीच काही बोलली नाही.

माझी गाडी त्या यादीत नाही, असं मी लगेच म्हणायचे. पण २००३च्या गाडीला काजळी अडवणारा फिल्टरच नाही. मिनेसोटात धुराची तपासणी १९९९मध्ये बंद झाली, म्हणून मला कुणी अडवत नाही. माझी गाडी नियमात बसते. स्वच्छ आहे असं मी आता म्हणणार नाही.

मग का ठेवली? सकाळी ग्लो प्लगचा, म्हणजे इंजिन आतून तापवणाऱ्या कांड्यांचा, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग किल्ली फिरवायची. थंडीत पहिला अर्धा मिनिट ती डेपोतल्या गाडीसारखी खडखडते. अण्णा आता ८२ वर्षांचे आहेत, फोनवर फार बोलत नाहीत. पण कधी कधी म्हणतात, "चालू कर बघू." मी बॉनेट उघडून फोन आत धरते. ते डोळे मिटून ऐकतात. मागच्या महिन्यात म्हणाले, "तिसरा इंजेक्टर बघून घे."

बघितला. खरंच तोच होता.

टायमिंग बेल्ट पुन्हा बदलायला आलाय. त्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे. मुलगा म्हणतो विक. डलूथचा एकजण घ्यायला तयार आहे, त्याचे दोन मेसेज आलेत. बेल्टची अपॉइंटमेंट घेतलेली नाही, आणि त्याला उत्तरही दिलेलं नाही.