बाहेरच्या वळणावर

कयाक, म्हणजे माझी अरुंद होडी, पाण्यात लोटण्यापूर्वी मी नेहमी हात मनगटापर्यंत बुडवून थोडा वेळ तसाच ठेवतो. त्या सकाळी ऊन सुखद होते, काठावरच्या वाळुंजांना कोवळी पालवी फुटली होती, आणि हात मात्र अर्ध्या मिनिटात दुखू लागला. वसंतातील नदी फसवते ती इथेच. हवा ऋतूबरोबर लगेच बदलते, पण नदीत वाहत असते ते वरच्या डोंगरांवरून नुकतेच वितळून आलेले बर्फ. अशा पाण्यात अचानक पडणाऱ्या माणसाला पहिल्या मिनिटात धाप लागते आणि श्वासावर ताबा राहत नाही, म्हणून कपडे हवेकडे पाहून न निवडता पाण्याकडे पाहून निवडावे लागतात. उन्हात घामाघूम होत मी जाड वेटसूट चढवला, वर लाईफ जॅकेट घट्ट बांधले आणि निघालो.

एकट्याने नदीत उतरू नये, असे कयाक शिकवणारे सांगतात आणि ते बरोबरच आहे. तरीही मी वर्षातून एकदा हा नियम मोडतो. सोबत्यांबरोबर अनेकदा केलेला, प्रवाहाच्या अवघडपणाच्या सहा श्रेणींपैकी पहिल्या म्हणजे सर्वांत सोप्या श्रेणीतला टप्पाच मी त्यासाठी निवडतो, आणि कोठे उतरणार, कोठे व किती वाजता बाहेर पडणार हे घरी लिहून ठेवतो. यंदाचा टप्पा १४ किलोमीटरांचा होता.

पहिला तासभर वल्हवण्याचे काम जवळजवळ नव्हतेच. दुहेरी पात्याचे वल्हे मांडीवर आडवे ठेवून मी प्रवाहाच्या हवाली झालो होतो. अधूनमधून एखादा फटकारा टोक सरळ ठेवण्यापुरता पुरत असे, आणि तोही दंडाच्या जोरावर न मारता कमरेपासून धड वळवून मारला की पाण्याचा आवाजदेखील होत नाही. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीवरच बसलेला असतो, त्यामुळे एरवी काठावरून सपाट दिसणाऱ्या नदीचे चढउतार डोळ्यांसमोर येतात. पाण्यावर पाचरीसारखा आकार दिसला आणि त्याचे टोक पुढे, वाहत्या दिशेला असले, तर ती बहुधा दोन दगडांमधली खोल वाट असते. टोक आपल्याकडे असले, तर खाली दगड दडलेला समजावा. एकटे असताना हे वाचन सतत चालू ठेवावे लागते, आणि मला जी शांतता मिळते ती याच कामातून मिळते, हे मला फार उशिरा कळले. डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

वळणांवर नदी दोन प्रकारे वागते. आतल्या बाजूला ती मंदावून वाळू आणि गोटे टाकत जाते, तर बाहेरच्या बाजूला वेगाने धावत काठ पोखरते. त्या उभ्या, मातीच्या कड्यांमध्येच खंड्या घरट्यासाठी आडवे बोगदे खणतो. एका वळणावर असाच एक निळा बाण डोक्यावरून सुटला, मी त्याच्याकडे पाहत राहिलो, आणि कयाक आतल्या बाजूच्या गोट्यांवर खरखरत जाऊन रुतली. खाली उतरून ती ढकलताना घोट्यापर्यंत भिजलो. वाचन थांबवल्याची शिक्षा इतपतच होती, हे नशीब.

पुढच्या वळणाने ती शिक्षा अधिक महाग केली असती. पाण्याने ज्याच्या मुळांखालची माती नेली, ते एक मोठे झाड बाहेरच्या काठावरून आडवे होऊन नदीत पडले होते. दगडाला पाणी वळसा घालते, पण अशा झाडाच्या फांद्यांमधून ते गाळणीतून जावे तसे आरपार जाते; होडी आणि माणूस मात्र अलीकडेच अडकतात आणि मागचा प्रवाह त्यांना दाबून धरतो. गेल्या शरदात हे झाड काठावर उभे होते, म्हणजे ओळखीच्या नदीचीही ओळख दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागते. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, जिथे पाणी उलटे फिरून थांबते, मी कयाक वळवून घेतली, काठ गाठला, आणि ती खांद्यावर टाकून झुडपांतून झाडापलीकडे नेली. या शे-दीडशे पावलांनी जेवढे थकवले, तेवढे उरलेल्या साऱ्या प्रवासाने थकवले नाही.

शेवटचे चार किलोमीटर संथ डोहांचे होते. तिथे सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि ते तसेच हवे होते.

दुपारी तीनच्या सुमारास ठरल्या जागी बाहेर पडलो, पोहोचल्याचे घरी कळवले आणि पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवली. दिवसाच्या उन्हाने वर वितळलेले बर्फ खाली यायला काही तास लागतात, त्यामुळे अशा नद्या संध्याकाळकडे चढतात. कयाकमधले पाणी उलटून काढले, वेटसूट झुडपावर पसरला, गाडीची वाट पाहिली. निघताना ती काडी दोन बोटे पाण्यात होती.