वेणी तिपेडी असते

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण मोबाइलवर आलं आणि पाठोपाठ स्मरणिका समितीचा फोन. "शाळेविषयी दोन पानं लिहा." शाळेविषयी लिहायला बसलो की सुभेदार सरच समोर येऊन उभे राहतात, त्याला माझा इलाज नाही. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. गणिताच्या बाईंना तर माझी सवयच आहे.

सरांना नावानं कुणी हाक मारली नाही, म्हणून मीही तसंच लिहितो. १९६३ ला बेळगावला भरती, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, २८ वर्षांची नोकरी आणि सुभेदार म्हणून पेन्शन. १९९१ ला गावी आले आणि शाळेनं त्यांना कवायतीला घेतलं. मस्टरवर त्यांची नेमणूक काय होती, पगार होता की मानधन, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सातारा जिल्ह्यात फौजी माणसाचं कुणाला नवल नाही. एकट्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. पण फौजी माणूस पोरांना न मारता शिकवतो, याचं आम्हाला फार नवल वाटायचं.

पावसाळ्यात पटांगणाचा चिखल झाला की पी.टी.चा तास वर्गात. मग गोष्टी. माणगावच्या पळसगावचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधला प्रत्येक जण पडला तरी एकटा माणूस मशीनगनवर चालून गेला. मग नामदेव जाधव, जखमी साथीदारांना उचलून आणणारे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, घाडग्यांना मरणोत्तर. आणि शेवटी आमचा हट्ट, "सर, जमालपूर!"

जमालपूर त्यांनी स्वतः पाहिलेलं. डिसेंबर १९७१, बांगलादेशची लढाई. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या कर्नलला शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी परत आली. १० तारखेच्या रात्री शत्रूचे सैनिक आपला वेढा फोडून बाहेर पडायला निघाले आणि मराठ्यांच्या माऱ्यात सापडले. आम्ही श्वास रोखून ऐकायचो. पण सर त्या चिठ्ठीवर कधी फार थांबले नाहीत. ते थांबायचे त्यांना आलेल्या दुसऱ्या पत्रावर. छप्पन ए.पी.ओ.च्या, म्हणजे फौजी टपालाच्या पत्त्यावर आलेलं निळं आंतर्देशीय. थोरली मुलगी झाल्याचं. लढाई संपल्यावर हातात पडलं तेव्हा पोर तीन आठवड्यांची झाली होती. "पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं बाईनं," सर म्हणायचे, "अंगठा मात्र तिचा. शाई पसरली होती."

आता खरं सांगायचं ते. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

मी आठवीत होतो. शनिवारची सकाळची शाळा, लेझीमचा तास, आणि खेळाच्या खोलीची किल्ली सरांच्या घरी. मला पिटाळलं. दार उघडंच होतं. ओट्यावर काकू पाटावर बसलेल्या आणि मागं मांडी घालून सर. इस्त्रीची खाकी पँट, वर बनियन, दातात काळी रिबन. ते काकूंची वेणी घालत होते. काकूंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, हे मी तेव्हाच पाहिलं. वाटीत खोबरेल. तीन पेड एकसारखे, ओढून घट्ट, पटांगणावर फक्कीच्या रेघा मारायचे तशाच सरळ. मला पाहून ते दचकले नाहीत की थांबले नाहीत. "किल्ली खुंटीला हाय. आन् हे बघ लेका, तेवीस वर्षांच्या संसारात सुट्ट्या आन् बेळगावची क्वार्टर धरून सहा वर्षंबी घरात न्हवतो मी. सतरा वर्षांचं देणं हाय." काकू म्हणाल्या, "पोराला काय सांगताय!"

मी किल्ली घेऊन पळालो आणि मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला सांगून मोकळा झालो.

सोमवारी फळ्यावर चित्र. मिशीवाला माणूस, हातात लांब वेणी, खाली "वेणीमास्तर". चित्र माझं नव्हतं, पण बातमी माझी होती. सर आत आले, फळ्याकडे बघत उभे राहिले. वर्ग गार. त्यांनी खडू उचलला आणि म्हणाले, "दोन पेडांची काढलीया. वेणी तिपेडी असते." तिसरा पेड काढून दाखवला, डस्टर फिरवलं आणि "सावधान!"

कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, घरी गेलेलं पोर एकच होतं. पुढच्या शनिवारी मला वाटलं आता दुसऱ्याला पाठवतील. त्यांनी माझ्याकडेच बोट केलं. "जा, किल्ली घेऊन ये." दहावीपर्यंत किल्ली मीच आणली.

पुढं मी भरतीला गेलो, छाती फुगवून लागते तेवढी भरली नाही. मग मस्कत, एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये ११ वर्षं, वर्षाला एक महिना सुट्टी. आता कराडला हार्डवेअरचं दुकान आहे, दोन माणसं कामाला आहेत, जीएसटी वेळेवर भरतो. मस्कतला असतानाच कळलं, २०११ ला काकू गेल्या. त्या रात्री खोलीवर बसून मी बोटं मोजली. १९९१ अधिक सतरा. सरांचं देणं फिटून वर तीन वर्षं झाली होती.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. पटांगणावर पेव्हर ब्लॉक बसवलेत. दिसतात छान, पण त्यावर लेझीम खेळणारी पोरं घसरत नाहीत का, ते समितीनं बघावं. खेळाची खोली आता झेरॉक्सची आहे.

सरांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला गेलो होतो. थोरल्या लेकीनं आत नेलं. पाया पडलो. फळ्याचं सगळं कबूल करायचं म्हणून वाटेत चार वाक्यं जुळवली होती. सरांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "किल्ली आणलीस का रं?"

गमतीनं म्हणाले की खरंच काळाचा विसर पडला होता, मला कळलं नाही. मी आपला खिशात हात घातला. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा होता, तोच त्यांच्या तळहातावर ठेवला.