थेंब मोजणाऱ्या यंत्राची पहिली ऑर्डर: माझा अनुभव

बाबा दवाखान्यात होते. चौथ्या रात्री त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सलाईनची बाटली रिकामी झाली होती आणि नळीत वरपर्यंत रक्त चढलं होतं. रात्रपाळीच्या सिस्टर धावत आल्या. सुई वाचवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण दुसऱ्या हाताला नवी टोचावी लागली. बाबा काही बोलले नाहीत. मी मात्र सकाळपर्यंत एकाच विचारात होतो: बाटली संपत आल्याचं आपोआप कळायला काय हरकत आहे?

मी इलेक्ट्रॉनिक्समधला. तीन आठवड्यांत पहिला नमुना तयार केला. थेंब पडतात त्या पारदर्शक नळकांडीला बसणारा चिमटा, त्यात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर सेन्सर. थेंब पडला की किरण तुटतो आणि यंत्र एक आकडा पुढे जातं. टेबलावर ते अचूक चाललं. तिथून पहिल्या ऑर्डरपर्यंत पावणेतीन वर्षं गेली.

त्यातलं पहिलं वर्ष मी चुकीचा प्रश्न विचारण्यात घालवलं. भेटेल त्या सिस्टरना, डॉक्टरांना यंत्र दाखवायचं आणि विचारायचं, "असं मिळालं तर वापराल का?" सगळे हो म्हणायचे. चाळीसेक होकार मी वहीत लिहून ठेवले होते आणि तीच माझी बाजारपेठ असं धरून चाललो होतो. समोर उत्साहाने यंत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं कुणालाही जड जातं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

एका ज्येष्ठ सिस्टरनी ते नकळत दाखवून दिलं. त्यांना मी सहज विचारलं, "मागच्या वेळी बाटली वेळेआधी संपली तेव्हा काय केलंत?" त्यांनी मला कॉटजवळ नेलं. बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी होती आणि तिच्यावर पेनाने रेघा ओढून वेळ लिहिलेली: दहाला इथपर्यंत, अकराला इथपर्यंत. येताजाता नजर टाकली की वेग कमी की जास्त, लगेच कळतं. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. माझी खरी स्पर्धा त्या पट्टीशी होती. ती जवळजवळ फुकट होती, तिला बॅटरी लागत नव्हती आणि ती कधी बिघडत नव्हती. वर्षभर वॉर्डांतून फिरूनही ती माझ्या नजरेला पडली नव्हती, कारण मी माझ्या यंत्राकडेच बघत होतो.

त्या दिवसापासून "वापराल का" हा प्रश्न बंद केला. फक्त घडून गेलेल्या गोष्टी विचारू लागलो. शेवटचं कधी झालं? तेव्हा कोण होतं? मग काय केलंत? त्यावर वेळ किंवा पैसा खर्च झाला का? उत्तरांतून कळलं की दिवसा पट्टी पुरते. अडचण रात्रीची आहे, जेव्हा एका सिस्टरकडे पुष्कळ कॉट असतात आणि अंधारात पट्टी दिसत नाही.

मग दहा यंत्रं एका वॉर्डात महिनाभरासाठी ठेवली. आठवड्याने गेलो तर सहा खणात पडलेली, सेल काढून. रुग्णाने हात दुमडला की थेंब थांबतात, आणि थेंब थांबले की माझं यंत्र किंचाळायचं. रात्रीतून कितीतरी वेळा. वॉर्डात आधीच इतर यंत्रांचे आवाज असतात. खोटे इशारे वाढले की माणसं खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात, आणि रुग्णालयांत हा ओळखीचा, गंभीर धोका मानला जातो. मी सोय करायला गेलो होतो आणि त्या धोक्यात भर घातली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूक आकड्यांची होती. सलाईनच्या बऱ्याच साध्या सेटमध्ये (नळी आणि नळकांडीचा संच) 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे 500 मिलीची बाटली 10,000 थेंबांची. खिडकीजवळच्या कॉटवर उन्हातल्या इन्फ्रारेडमुळे सेन्सर दिपायचा आणि शंभरातले पाचेक थेंब निसटायचे. पाच टक्के म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण ते 25 मिली होतात, आणि मिनिटाला 30 थेंबांचा वेग असेल तर इशारा सुमारे 17 मिनिटं उशिरा येतो. तोवर बाटली रिकामी. शेवटी एलईडी ठरावीक वेगाने लुकलुकता केला आणि सेन्सरला फक्त तोच ठेका ओळखायला लावला. थेंब थांबले तर आधी नुसता दिवा लागेल आणि काही वेळ गेल्यावरच आवाज होईल, अशीही सोय केली.

साच्याची घाई मात्र महागात पडली. थ्रीडी प्रिंटरवर हवा तो आकार निघतो. इंजेक्शन मोल्डिंगला, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरण्याला, तसं चालत नाही. भिंतींना एक-दोन अंशांचा उतार नसेल तर तुकडा साच्यातून सुटत नाही, आणि जाडी एकसारखी नसेल तर जाड जागी पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगा पडतो. हे शिकून घेऊन मी पोलादी साचा करायला टाकला. साचा हातात आल्यावर लक्षात आलं की वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटची नळकांडी वेगवेगळ्या जाडीची असते. माझा चिमटा त्यांतल्या निम्म्यांवरच बसत होता. जमवलेल्या पैशातला सगळ्यात मोठा हिस्सा त्या साच्यात गेला होता. आधी पाच-सहा प्रकारचे सेट मागवून मोजले असते तर एका दुपारचं काम होतं.

पेटंटचं थोडक्यात सांगतो. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, "हे आधी कुठे जाहीर दाखवलंय?" मी एका प्रदर्शनात अभिमानाने दाखवलं होतं. बऱ्याच देशांत अर्जाआधी जाहीर झालेली गोष्ट नवी धरली जात नाही, आणि सवलत मिळते तिथेही नियम निरनिराळे आहेत. मूळ रचना हातातून गेली. पुढे केलेली सुधारणा तेवढी वाचली. पहिल्या अर्जानंतर इतर देशांत जायला 12 महिने मिळतात. पीसीटीचा, म्हणजे पेटंटच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य कराराचा, मार्ग धरला तर देशोदेशीच्या टप्प्यासाठी पहिल्या अर्जापासून साधारण 30 महिने. पण पीसीटी म्हणजे जगभराचं पेटंट नव्हे. शेवटी प्रत्येक देशात वेगळा अर्ज, वेगळा खर्च आणि बहुतेक ठिकाणी भाषांतरही.

हिशेबातही मी फक्त सुटे भाग आणि जोडणी धरली होती. सुरक्षेच्या चाचण्या, आयएसओ 13485 या वैद्यकीय उपकरणांच्या मानकाप्रमाणे दर्जाची कागदपत्रं, परत येणारी यंत्रं, वितरकाचा वाटा, यातलं काहीच नाही. शिवाय भागांचे पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि संस्थांकडून येणी तीन-तीन महिन्यांनी येतात. ऑर्डर वाढली तर पैसा कमी पडेल, हे कागदावर मांडेपर्यंत मला खरं वाटलं नसतं.

सगळ्यात अवघड गाठ खरेदी विभागात होती. यंत्र वापरणार सिस्टर, त्याचा फायदा रुग्णाला, आणि पैसे देणार तिसराच माणूस. त्याच्या टेबलावर ही "उपकरण खरेदी" होती, आणि त्या खात्यात वर्षाचं बजेट आधीच ठरलेलं. तो गृहस्थ सरळ बोलणारा होता. "तुमची वस्तू चांगली आहे, पण माझ्याकडे तिच्यासाठी रकाना नाही," असं त्याने स्पष्ट सांगितलं.

त्या सुमारास मी झेरॉक्सच्या इतिहासाबद्दल वाचत होतो. हे तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी 1938 मध्ये पहिली कोरडी प्रत काढली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं, आणि 914 हे प्रती काढणारं यंत्र यायला 1959 उजाडलं. ही गोष्ट नेहमी चिकाटीची म्हणून सांगतात. मला त्यातलं दुसरंच काही कामाचं वाटलं. ते महागडं यंत्र विकत घ्यायची सक्ती नव्हती. ते महिन्याच्या भाड्याने मिळे, आणि ठरलेल्या संख्येपलीकडच्या प्रतींचे वेगळे पैसे. म्हणजे ग्राहकाच्या कोणत्या रकान्यात आपण बसतो, हेही त्या शोधाइतकंच कसून शोधलं गेलं होतं.

मी यंत्रं दरमहा भाड्याने द्यायचं ठरवलं. बिघडलं तर बदलून देणं आणि सेल पुरवणं माझ्याकडे. मग ते रोजच्या वापराच्या खर्चात बसलं. त्याच खरेदी अधिकाऱ्याने एका वॉर्डापुरती दोन महिन्यांची चाचणी मान्य केली, आणि पहिल्या दिवसापासून भाडं दिलं.

दोन महिने संपल्यावर मी यंत्रं गोळा करायला गेलो. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "परत नेऊ नका. नेणार असाल तर आधी आमच्या मेट्रनशी बोला." मेट्रन स्वतः माझ्यासोबत खरेदी विभागात आल्या. पहिली ऑर्डर त्या दिवशी मिळाली, तीन वॉर्डांची. घरी येऊन बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

बाटल्यांवर चिकटपट्ट्या अजूनही असतात. मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या की डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी पट्टीवरून चटकन सांगता येतं. नव्या आवृत्तीत यंत्र बाजूला न करता पट्टी वाचता यावी म्हणून त्याचा पडदा फिरवून घेतलाय. या वेळी साचा टाकण्याआधी अकरा प्रकारचे सेट मोजले आहेत.