शेवळं आणि काकडं

"फ्लॅटमध्ये राहून तुमचा निसर्गाशी संबंध येतो तरी कुठे?" मी ट्रेकला जात नाही म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: ठाण्याच्या जांभळी नाक्याला, भाजीवालीच्या पाटीत.

मे सरत आला, वळवाची एखादी सर पडून गेली की शहापूर-मुरबाडकडच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं म्हणजे सुरणाच्या भावकीतल्या एका रानकंदाचा फुलोरा. जमिनीतून आधी जांभळट कोंबच वर येतो. पान फुटतं ते नंतर, पाऊस नीट लागल्यावर. त्यामुळे भाजी मिळते ती थोडेच दिवस.

आणि भाजी महाखाजरी. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. यावरचा उतारा म्हणजे काकडं. लहान आवळ्यासारखी हिरवी, आंबट फळं. तीही त्याच दिवसांत धरतात आणि त्याच पाटीत असतात. शेवळाचं वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळा, दाणेदार भाग टाकून द्यायचा, हाताला तेल लावून बाकीचं बारीक चिरायचं. काकडं वाटून रस गाळायचा आणि त्यात शेवळं शिजवायची. सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत पुढे सोडे (सुकवलेली कोलंबी) किंवा ताजी कोलंबी पडते. हे कोडं पहिल्यांदा कुणी सोडवलं कोण जाणे. तोवर किती जणांचे घसे धरले असतील!

धबधब्याखाली फोटो काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. (ठेवते, पण मनात.) मला मात्र यंदा तिकडे वळीव झाला की नाही, हे पाटीवरून कळतं. उशीर झाला की मावशी म्हणते, "बाय, अजून उगवलंच नाय." मागे म्हणाली, घरामागच्या माळावर प्लॉट पडले, आता लांब जावं लागतं. कंद जमिनीत शाबूत असला तर शेवळं पुढच्या वर्षी पुन्हा येतात; जेसीबी फिरल्यावर कुठली यायला? शिवाय फुलोराच खुडला की बी धरत नाही, तेव्हा माझ्यासारख्या खवय्यांची गर्दी वाढणंही फारसं बरं नाही. तरी मी घेतेच.

एवढं रान तुडवून आणलेल्या जुडीवर पाच-दहा रुपयांची घासाघीस करणारा दिसला की मी मध्ये पडते. घरचे म्हणतात, तुला काय करायचंय?

यंदा गेलात तर सकाळी लवकर जा. आणि काकडं मागून घ्या, नुसती शेवळं आणू नका.